मुक्या एचची कुळकथा

इंग्रजीतले काही शब्द पाहताक्षणी कळल्यासारखे वाटतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. 'पॉस्च्युमस' हा त्यांपैकी एक. रोजच्या बोलण्यात तो येत नाही. पुस्तकांच्या शीर्षकात, वारसाहक्काच्या चर्चेत आणि शौर्यपदकांच्या यादीत तो भेटतो. परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांच्या नावापुढे इंग्रजी यादीत हाच शब्द असतो. मराठीत तिथे आपण 'मरणोत्तर' लिहितो. स्पेलिंग दहा अक्षरांचे: पी, ओ, एस, टी, मग एच, आणि पुढे यू, एम, ओ, यू, एस. उच्चारात टी आणि यू मिळून 'च्यु' होतो आणि मधला एच तोंडातून बाहेर पडतच नाही. डोळ्यांना मात्र शब्दाचे दोन तुकडे स्वच्छ दिसतात. 'पोस्ट' म्हणजे नंतर, पोस्टमॉर्टेम आणि पोस्टग्रॅज्युएटमधला तोच उपसर्ग. आणि 'ह्यूमस' म्हणजे माती, शेतीच्या पुस्तकांतून आपल्याकडेही रुळलेला शब्द. मातीआड झाल्यानंतरचे ते पॉस्च्युमस. फोड इतकी चपखल बसते की शंकाच येत नाही. पण ती चूक आहे. या शब्दात मुळात ह्यूमस नाही, आणि उपसर्ग वाटणारा पोस्टही इथे उपसर्ग नाही. हा एच शब्दाच्या इतिहासातून आलेला नाही, शब्दाविषयी विद्वानांनी करून घेतलेल्या समजुतीतून आलेला आहे. आणि इंग्रजी स्पेलिंग कितीही आडमुठे असले तरी त्यात शब्दाचे मूळ जपलेले असते, असा जो बचाव नेहमी केला जातो, तो अशा अक्षरांपुढे लंगडा पडतो.

लॅटिनमधला मूळ शब्द 'पोस्टुमस' असा, एचशिवाय. त्याची रचना समजायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. लॅटिन 'पोस्ट' हा संस्कृत 'पश्चात्'चा नातलग. शब्दाचे शेपूट आहे ते 'उत्तम', 'प्रियतम' यांतल्या 'तम'च्या घराण्यातले. लॅटिनमध्ये हा प्रत्यय 'तिमस' आणि जुन्या लेखनात 'तुमस' असा दिसतो. सर्वांत चांगला तो 'ऑप्टिमस', जुन्या वळणाने 'ऑप्टुमस'. सर्वांत आतला तो 'इन्टिमस', आणि वैदिक संस्कृतातला 'अन्तम' हा त्याचा जुळा भाऊ शोभावा असा शब्द. त्याच साच्यात पोस्टुमस म्हणजे सर्वांत मागचा, अगदी शेवटचा. उपसर्ग दुसऱ्या शब्दाच्या पुढे येऊन बसतो. इथे तर पोस्ट हाच शब्दाचा कणा आहे आणि जे काही जोडले आहे ते त्याच्या मागे जोडले आहे. म्हणजे ज्याला आपण उपसर्ग अधिक नाम समजतो ते वास्तविक मूळ अधिक प्रत्यय आहे.

मग 'सर्वांत शेवटचा' या अर्थातून मरण कुठून आले? मुलांच्या बाबतीत पोस्टुमस म्हणजे आपल्या भाषेत शेंडेफळ. आता शेंडेफळ कोणते हे बाप जिवंत असेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. बाप गेल्यावर जे जन्माला येते त्याच्यानंतर मात्र त्या बापाचे दुसरे अपत्य संभवत नाही, तेव्हा ते निःसंशय शेवटचे. या अर्थाला पक्के केले रोमन कायद्याने. मृत्युपत्र करून माणूस मेला, आणि त्यात ज्याचा उल्लेख नाही असा वारस नंतर जन्माला आला, तर सबंध मृत्युपत्र मोडीत निघे. त्यामुळे अजून न जन्मलेल्या वारसाला काय म्हणायचे आणि त्याची सोय कशी लावायची हा वकिलांचा रोजचा प्रश्न होता. सिसेरोचा मित्र आणि नामांकित कायदेपंडित अक्विलियस गॅलस याने तर अशा नातवंडांसाठी मृत्युपत्रात घालायचा मजकूरच बांधून दिला होता. अशा मुलाला पोस्टुमस हेच नाव ठेवण्याची पद्धतही पडली. सम्राट ऑगस्टसचा नातू अग्रिप्पा पोस्टुमस हा इसवी सनापूर्वी 12 मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मला. फ्रान्सचा पहिला जॉन 1316 च्या नोव्हेंबरात जन्मतःच राजा झाला आणि काही दिवसांतच वारला. इतिहासात त्याचे बिरुद हेच आहे. शेक्सपिअरच्या 'सिम्बेलीन' नाटकाच्या नायकाचे नाव पोस्थ्युमस, तेही याच कारणाने. आपल्याला हा प्रसंग परका नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर ठेवले, आणि 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवरावांचा जन्म होईपर्यंत सगळे कारस्थान पोटातल्या मुलावर उभे होते. मुलगा झाला नसता तर पुढे काय, ही बारभाईंची काळजी म्हणजे रोमन वकिलांचाच जुना प्रश्न.

इथे एक आक्षेप संभवतो. 'बापामागे जन्मलेला' हाच अर्थ मूळचा आणि 'शेवटचा' हा कोशकारांनी मागाहून काढलेला कशावरून नसेल? हा वाद नवा नाही. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियसने आपल्या 'नॉक्टेस अट्टिके' या टिपणग्रंथात तो नोंदवून ठेवला आहे. व्हर्जिलने 'इनीड'च्या सहाव्या सर्गात इनिअसचा मुलगा सिल्व्हियस याला पोस्टुमस म्हटले, आणि लगेच पुढे तो म्हाताऱ्या बापाला उशिरा झालेला मुलगा असल्याचे सांगितले. आता बाप म्हातारा झाला म्हणजे तो जिवंत होता. मग मुलगा बापामागचा कसा? कैसेलियस विंडेक्स या व्याकरणकाराने सरळ उत्तर दिले की इथे पोस्टुमस म्हणजे शेवटी झालेला. सल्पिशियस अपोलिनारिस याला ते मान्य नव्हते. त्याने 'म्हातारा' या शब्दाचाच अर्थ फिरवला: इनिअस मरून देव झाला, अमर झाला, म्हणून दीर्घायुषी. गेलियसला ही ओढाताण पटलेली नाही, आणि आज वाचतानाही ती ओढाताणच वाटते. या दोघांत कोण बरोबर यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की शब्दाच्या अर्थावरून असे हातघाईवर आलेल्या या विद्वानांपैकी एकानेही मातीचे किंवा पुरण्याचे नाव काढलेले नाही. ह्यूमसची फोड त्यांना ठाऊक असती तर अपोलिनारिसने ती आधी पुढे केली असती. त्याची बाजू तिने एका फटक्यात सावरली असती.

हस्तलिखितांचा पुरावा इथे बेताचाच धरावा लागतो, कारण ती पुढच्या शतकांतल्या लेखनिकांनी उतरवलेली आहेत आणि उतरवताना आपापले शुद्धलेखन घुसडलेले आहे. नाणी अशी सुधारता येत नाहीत. इसवी सन 260 ते 269 या काळात गॉल प्रांतात रोमपासून फुटून स्वतंत्र राज्य चालवणाऱ्या सम्राटाचे नाव पोस्टुमस होते. त्याची नाणी भरपूर सापडली आहेत, आणि त्यांवर सम्राटाच्या दाढीवाल्या चेहऱ्याभोवती कोरलेल्या नावात टीनंतर थेट व्ही येतो, कारण रोमन लोक यूच्या जागी व्हीच कोरत. एच नाही. तो कसा शिरला हे कळायला लॅटिनच्या उच्चारात काय घडत होते ते पाहावे लागते. 'ह' हा आवाज सामान्यांच्या तोंडून फार लवकर गळू लागला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात कवी कॅटलसने अरियस नावाच्या एका इसमाची टर उडवली आहे. सुसंस्कृत दिसावे म्हणून हा गृहस्थ नको तिथे ह लावत असे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन तक्रार करतो की 'होमो' या शब्दातला ह गाळला तर लोकांना जेवढा राग येतो तेवढा माणसाने माणसाचा द्वेष केला तरी येत नाही. आवाज गेला आणि अक्षर मात्र प्रतिष्ठेचे राहिले, की ते कुठे लिहायचे हे कानाला सांगता येत नाही. मग बुद्धी सांगू लागते, आणि बुद्धीला कारण लागते. सेव्हिलचा बिशप इसिडोर, मृत्यू 636, याने ते कारण पुरवले. शब्दाची व्युत्पत्ती कळली की वस्तूचा स्वभाव कळतो, अशी त्याची श्रद्धा, आणि तिच्यापायी त्याने वीस खंडांचा कोश रचला. त्यात पोस्टुमस म्हणजे बापाला पुरल्यानंतर जन्मलेला, आणि पुरणे म्हणजे 'ह्यूमस'मध्ये घालणे, अशी फोड आहे. मध्ययुगात हा कोश युरोपभर वाचला गेला. एच एकदा फोडीने मागितला की लेखणीला तो घालायला कितीसा वेळ? हे एकट्या याच शब्दाचे झाले असेही नाही. ओलावा या अर्थाचा 'उमोर' हा लॅटिन शब्द 'ह्यूमोर' झाला, त्यातही मातीशी जोडलेल्या खोट्या नात्याचा हात मानतात. खांदा या अर्थाचा 'उमेरस' हा 'ह्यूमेरस' झाला. इंग्रजी ह्यूमर, ह्युमिड आणि दंडाच्या हाडाचे वैद्यकातले नाव ह्यूमरस, तिघांच्या डोक्यावर हा नसता एच आहे.

खोटा उपसर्ग शोधण्याचा हा रोग लॅटिनवाल्यांपुरता नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडची उदाहरणे अधिक ठसठशीत आहेत. 'विधवा' हा शब्द कुणालाही वि अधिक धव असा दिसतो: धव म्हणजे पती, तो जिला नाही ती विधवा, आणि जिला आहे ती सधवा. पण हाच शब्द लॅटिनमध्ये 'विदुआ', रशियनमध्ये 'वदवा', इंग्रजीत 'विडो' असा आहे, आणि या सगळ्यांच्या मुळाशी दुरावणे, रिते होणे अशा अर्थाचा धातू आहे. त्यात नवऱ्याचा पत्ता नाही. यास्काच्या निरुक्तातच विधवेच्या इतर फोडींबरोबर 'धव हे माणसाचे नाव' अशीही एक फोड आलेली आहे. म्हणजे वि हा उपसर्ग आहे असे समजून तो कापला, आणि कापल्यावर उरलेल्या तुकड्याला नवरा म्हटले. 'असुर'चेही तसेच. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवांचे हे सन्मानाचे विशेषण आहे, अवेस्तातला 'अहुर' तोच. नंतर त्यातला अ नकाराचा मानला गेला आणि 'सुर' हा देवांसाठीचा नवा शब्द मागच्या दाराने आला. हा खेळ अजून चालू आहे. अन् अधिक असूया, मत्सर नसलेली, ती अनसूया. पण अनुपमा, अनुराधा यांच्या सवयीने कितीतरी घरांत ती 'अनुसया' होते. फरक आहे तो माध्यमाचा. आपली परंपरा मुखाने चाललेली, म्हणून खोट्या उपसर्गातून आपल्याकडे नवे शब्द निपजले. तिकडे ती लेखणीने चालली, म्हणून तिथे नवी अक्षरे निपजली.

यावर कुणी म्हणेल की हे सगळे लॅटिनचे पाप झाले. इंग्रजीने शब्द तयार उचलला, तिचा त्यात काय दोष? या एका शब्दापुरते ते खरे आहे. पण सोळाव्या शतकात लॅटिनचे वेड शिगेला पोचले तेव्हा इंग्रजांनी हाच उद्योग स्वतः केला. 'अॅडव्हान्स'मध्ये 'अॅड' हा उपसर्ग नाही. फ्रेंच 'अव्हान्से'वरून तो शब्द आला, आणि त्याच्या मुळाशी 'अब' आणि 'आन्ते' असे दोन वेगळेच लॅटिन शब्द आहेत. इंग्रजी पंडितांना सुरुवातीच्या अमध्ये 'अॅड' दिसला आणि त्यांनी डी बसवला. 'अॅडमिरल'मधला डीही असाच. तिथे मूळ शब्द अरबी 'अमीर'. 'अॅबॉमिनेबल' हा शकुन या अर्थाच्या 'ओमेन'वरून आलेला, तर त्याची फोड 'अब होमिने', माणसापासून दूरचे, अमानुष, अशी करून मध्ये एच घालत. शेक्सपिअरच्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्नीस नावाचा पंतोजी आहे. लोक हा एच उच्चारत नाहीत म्हणून तो कपाळाला हात लावतो. नाटकात हे हसण्यासाठी आहे, पण असे पंतोजी नसते तर विनोद कळला नसता.

पुढे अॅबॉमिनेबलचा एच गळाला आणि पॉस्च्युमसचा टिकला. का? मला कारण असे दिसते की खोटी फोड शब्दाच्या चालू अर्थाशी जुळत असेल तर अक्षर राहते, नाही तर जाते. अॅबॉमिनेबल हवेला म्हणतात, जेवणाला म्हणतात, नाटकाच्या प्रयोगालाही म्हणतात. त्यात 'माणूस' कुणाला जाणवत नाही. पॉस्च्युमस मात्र जिथे म्हणून येतो तिथे मागे मरण असतेच. सतराव्या शतकापासून तो मुलांबरोबर पुस्तकांनाही लागू लागला, लेखक बाप आणि ग्रंथ त्याच्यामागे जन्मलेले अपत्य या कल्पनेने. पुढे पदव्यांना आणि पदकांनाही लागला. प्रत्येक वापराने मातीची कथा खरी वाटत गेली. एका जोडीवरून हे सांगणे धाडसाचे, हे मान्य. पण आणखी साक्षी आहेत. 'सिझर्स' म्हणजे कात्री आणि 'साइद' म्हणजे गवत कापायचा लांब दांड्याचा विळा, या दोन्ही शब्दांत एसमागचा सी खोटा आहे. 'सिन्देरे', कापणे, या लॅटिन क्रियापदाशी नाते आहे असे वाटून तो घातला. दोन्ही हत्यारे कापतात, आणि दोन्ही सी जागच्या जागी आहेत. स्कॉटलंडमधल्या 'टार्मिगन' या पक्ष्याच्या गेलिक नावापुढे ग्रीकमधला पंख आठवून कुणी तरी पी लावला. पक्ष्याला पंख असतातच, पी राहिला. नियम म्हणावा इतका हा पुरावा नाही, कल म्हणायला पुरेसा आहे.

आता मूळ जपण्याच्या बचावाकडे येऊ. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दात न उच्चारला जाणारा बी आहे. तोही सोळाव्या शतकातल्या लॅटिनप्रेमाचीच देणगी, पण त्याची व्युत्पत्ती खरी आहे. लॅटिन 'देबितुम'मध्ये बी आहे. बचाव करणारे हाच बी दाखवतात. पण डेटचा बी आणि पॉस्च्युमसचा एच वाचणाऱ्याला एकसारखेच दिसतात. एक खरे सांगतो, एक खोटे, आणि कोणता कोणता हे स्पेलिंगवरून कळायला काहीच मार्ग नाही. पुरलेले उकरून काढणे या अर्थाच्या 'एक्झ्यूम'मध्ये ह्यूमस खरोखर आहे. पॉस्च्युमस त्याच्या शेजारी ठेवा, दोघे सख्खे भाऊ वाटतील. मूळ ज्याला कोशातून आधीच कळले आहे त्यालाच स्पेलिंग मूळ दाखवते. मग जपले काय?

यावर दुसऱ्या टोकाचा सवाल येतो: चूक आहे तर काढून का टाकत नाही? इतरांनी काढलीच आहे. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आज हा एच नाही. जर्मनमध्ये दोन्ही रूपे चालतात. पोर्तुगीजचे उदाहरण तर एकाच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसते. ब्राझीलचा कादंबरीकार मशादु द असिस याची ब्राझ कुबास या मेलेल्या माणसाने सांगितलेली 'मरणोत्तर आठवणी' ही कादंबरी 1881 मध्ये पुस्तकरूपाने निघाली तेव्हा शीर्षकात एच होता. पोर्तुगालने 1911 मध्ये स्पेलिंग सुधारले, पुढे ब्राझीलनेही सुधारले, आणि आजच्या आवृत्त्यांवर तेच शीर्षक एचशिवाय छापतात. ब्राझ कुबासच्या मेलेपणात त्याने उणे-अधिक काही झाले नाही. इंग्रजीत मात्र स्पेलिंग बदलायचा अधिकार कोणत्याच संस्थेकडे नाही, आणि एका शब्दासाठी मोहीम काढण्यात अर्थही नाही. एच राहू द्यावा. फक्त तो का आहे असे विचारल्यावर 'मूळ शब्दात आहे म्हणून' हे उत्तर देऊ नये.

शिवाय हा एच कायमचा मुका राहील असेही नाही. जॉन वॉकरच्या 1791 च्या उच्चारकोशात ज्या शब्दांतला एच उच्चारू नये म्हणून दिले आहे, त्यांत हॉस्पिटल, हंबल आणि ह्यूमर हे शब्द होते. छापील अक्षर पाहून बोलणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि तिन्ही एच बोलू लागले. ह्यूमरचा तर मुळात नव्हताच, तरी बोलू लागला. 'हर्ब' ब्रिटनमध्ये ह घेऊन बसला, अमेरिकेत अजून 'अर्ब'च आहे. पॉस्च्युमसच्या वाटेत एक अडचण आहे. इंग्रजीत या शब्दाचा आघात पहिल्या अवयवावर पडतो, आणि आघात नसलेल्या जागी तिथला ह तग धरत नाही. मेंढपाळ या अर्थाच्या 'शेपर्ड'मधला एच असाच विरून गेलेला आहे. पण भारतात इंग्रजी कानापेक्षा पुस्तकातून जास्त शिकली जाते, आणि आपल्या भाषांना आघाताचे तेवढे वेड नाही. इथे कित्येक सुशिक्षित माणसे 'पोस्ट-ह्यूमस' असेच म्हणतात आणि कोश त्यांना चूक ठरवतो. तीच माणसे शेपर्डला, पी आणि एच शेजारी दिसले म्हणून, 'शेफर्ड' म्हणतात.